चांद्याच्या जंगलांतील एक पेट्रोल ट्रक : प्लग व स्टड यांचा पुरावा

१. विषयप्रवेश

जुन्या दप्तराचा कालनिर्णय करतांना मजकुराइतकाच कागद, शाई, वळण व शिक्का यांचा पुरावा विचारांत घ्यावा लागतो, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मजकूर खोटें बोलूं शकतो. कागद सहसा बोलत नाहीं. हाच नियम लोखंडासही लागू आहे कीं काय, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला. तो प्रसंग व त्यांतून निघालेला निष्कर्ष येथें नमूद करीत आहों.

चंद्रपूरहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लाकडाच्या वखारीच्या आवारांत एक जुना पेट्रोल ट्रक कित्येक वर्षें पडून होता. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं तो भंगारवाल्याच्या हातांतून सोडविला. वखारवाल्यांच्या घरांतील सांगी अशी कीं, हा ट्रक दुसऱ्या महायुद्धांतील असून लष्कराच्या डिस्पोजलमधून आला, कांहीं हंगाम ओंडके वाहिले, आणि डिझेलचे ट्रक निघतांच तो कायमचा उभा राहिला. सबब त्याचें इंजिन "मूळ स्थितींत" आहे. स्नेह्यांस या सांगीवर आमचा दाखला पाहिजे होता. त्याच वेळीं ते इंजिनाचे सर्व प्लग व स्टड काढून नवे बसविण्याच्या बेतांत होते. दाखला आधीं कीं दुरुस्ती आधीं, असा प्रश्न पडला. दुरुस्ती आधीं झाली असती तर दाखला देण्याजोगें कांहीं उरलेंच नसतें.

२. लाकूड-वाहतुकीचा पूर्वेतिहास

ट्रकाचा विचार करण्यापूर्वीं त्याच्या आधीं हें काम कोण करीत होतें तें थोडक्यांत पाहूं. भोंसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें, त्यांत चांदा इंग्रजांकडे गेला; १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला; आणि अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचा तहसील १८७४ मध्यें चांद्यास जोडण्यांत आली. येणेंप्रमाणें वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या पांच नद्यांच्या पाणलोटांतील सागवान एका जिल्ह्याच्या कारभाराखालीं आलें. या नद्यांतूनच माल समुद्रापर्यंत न्यावा, ही कल्पना प्रथम बलवान होती. गोदावरी नौकानयनाची योजना सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेनें हातीं घेण्यांत आली, परंतु खडकाळ धबधब्यांपुढें तिचें कांहीं चालेना व १८७१ मध्यें ती सोडून द्यावी लागली. तेव्हांपासून लाकडाचें तोंड रेल्वेकडे वळलें.

वर्ध्याहून निघालेला लोहमार्ग वरोऱ्याच्या कोळशासाठीं प्रथम आला. पुढें बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा पुरा होऊन १९२९ मध्यें दिल्ली-मद्रास हा ग्रँड ट्रंक मार्ग सलग झाला, आणि बल्लारशा हें जंगलाचें दार ठरलें. तथापि आलापल्लीपासून बल्लारशापर्यंतचें अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, मध्यें आष्टीपाशीं वैनगंगा आडवी येते, आणि त्या अंतरांत लोहमार्ग नव्हता. तेवढी मजल बैलगाड्यांनीं तोडावी लागे. रानांतून ओंडका रस्त्यापर्यंत ओढण्याचें काम हत्तीही करीत. वनखात्याचे हत्ती पोसणारा कमलापूरचा तळ त्या पद्धतीची आठवण आजही देतो. हा मुलूख २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली या स्वतंत्र जिल्ह्यांत गेला. पूर्वींच्या सर्व कागदांत तो "चांदा" म्हणूनच सांपडतो, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

मोटार-ट्रक या मुलुखांत येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. एक, १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें अमेरिकन मोटारी जोडण्याचा कारखाना निघाला व सुटे भाग देशांत मिळूं लागले. दुसरी, महायुद्ध. युद्धकाळांत लाकडाची मागणी वाढली, परंतु १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आलें. तेव्हां देशांत ठिकठिकाणीं मोटारींच्या पाठीवर लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या वायूवर गाड्या चालविण्यांत आल्या. युद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रांच्या सैन्यानें मागें ठेवलेलीं वाहनें विक्रीस निघालीं. एकट्या कॅनडानें लष्करी नमुन्याचे चार लाखांवर ट्रक युद्धकाळांत बांधले होते. त्यांतील व अमेरिकन बनावटीचे अनेक ट्रक हिंदुस्थानांत राहिले आणि ठेकेदारांच्या हातीं आले. १९४५ मध्यें नोंदल्या गेलेल्या बल्लारपूरच्या कागदगिरणीमुळें पुढें बांबूचीही वाहतूक वाढली. सबब वखारवाल्यांची सांगी मुळांत असंभवनीय नव्हती. प्रश्न होता तो "मूळ स्थिती"चा, आणि ट्रक केव्हां उभा राहिला याचा.

३. स्टड कां तुटतात

ज्यांनीं इंजिन उघडें पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं हें स्पष्ट केलें पाहिजे. सिलिंडरांतून निघालेला जळका धूर ज्या बिडाच्या नळीसंचांत एकत्र होऊन सायलेन्सरकडे जातो त्यास एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनाच्या अंगास पोलादी स्टडांनीं, म्हणजे दोन्ही टोंकांस आटे असलेल्या दांड्यांनीं, जखडलेला असतो. इंजिनाचें अंग पाण्यानें थंड राखलें जातें. मॅनिफोल्ड मात्र त्याहून तीन-चारशें अंशांनीं अधिक तापतो. बीड दर अंशास दहा लाखांत सुमारें ११ भाग वाढतें. पाऊण मीटर लांबीचा मॅनिफोल्ड अंगापेक्षां ३५० अंशांनीं अधिक तापला तर त्याची लांबी जवळजवळ तीन मिलिमीटर अधिक होते. मध्यभाग स्थिर धरला तर प्रत्येक टोंक दीड मिलिमीटर बाहेर सरकूं पाहतें. मॅनिफोल्डाचीं भोंकें स्टडापेक्षां मोठीं ठेवलेलीं असतात तीं याच कारणास्तव. परंतु नट फार आवळला, किंवा भोंकांत गंज व काजळी बसली, तर सरकण्यास जागा राहत नाहीं आणि सगळा जोर टोंकाच्या स्टडावर येतो. म्हणून टोंकाचे स्टड आधीं तुटतात.

या सामान्य नियमास जंगलाची हवा आणखी मदत करते. पावसाळ्यांत रानांतील ओढाई बंद असते. चार महिने ट्रक उभा राहतो व स्टड गंजतात. पाऊस सरला कीं तोच ट्रक ओंडक्यांनीं भरून, खालच्या गिअरमध्यें चढणी चढत, मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत चालविला जातो. आणि वाटेंत पूल नसलेला नाला लागला म्हणजे त्या तापलेल्या बिडावर थंड पाणी उडतें. गंज, ताप व पाणी या तिघांचा फेरा वर्षानुवर्षें चालला तर पोलाद किती टिकणार?

४. प्रत्यक्ष पाहणी

सदर इंजिन सहा सिलिंडरांचें, अमेरिकन बनावटीचें. नांवाचा पत्रा गेलेला. मॅनिफोल्डास एकंदर नऊ स्टड. पैकीं अगदीं मागचा व त्याच्या शेजारचा असे दोन तुटलेले. प्लग सहाही जागेवर होते. ते काढण्यापूर्वीं प्रत्येकास सिलिंडराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधली.

प्लग हा इंजिनाचा साक्षीदार आहे. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटविणारी ठिणगी त्याच्या टोंकाशीं पडते, आणि आंत जें घडतें त्याचा रंग त्या टोंकावर राहतो. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. ओलसर तेलकट काळा थर म्हणजे रिंगा झिजलेल्या. पांढरे, भाजल्यासारखें टोंक म्हणजे हवा अधिक व ताप अधिक. येथें पहिले चार प्लग तपकिरी-काळे होते. पांचवा व सहावा मात्र पांढरे निघाले, आणि त्यांच्या टोंकांतील अंतर झिजून दुप्पट झालें होतें. तुटलेले स्टड याच दोन सिलिंडरांच्या बाजूचे. या जातीच्या इंजिनांत हवा आंत घेणारा व धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड कांहीं ठिकाणीं एकाच स्टडाखालीं दाबलेले असतात. स्टड तुटतांच सांधा सुटतो आणि मागच्या दोन सिलिंडरांत आगंतुक हवा शिरते. म्हणजे स्टड तुटल्यावरही ट्रक कांहीं काळ चालविला गेला होता. उभा असतांना स्टड तुटले असते तर प्लग पांढरे झाले नसते.

सहा प्लगांपैकीं चार परदेशी बनावटीचे होते. दुसऱ्या व सहाव्या सिलिंडरांतील प्लगांवर मात्र "मायको" अशी खूण होती. बंगलोरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्यें स्थापन झाली. सबब हे दोन प्लग त्या वर्षापूर्वींचे असणें शक्य नाहीं. पत्रांत एखाद्या उत्तरकालीन पुरुषाचें नांव निघावें तसें हें झालें. मात्र प्लग हा सुटा भाग आहे. तो कोणीही, केव्हांही, पांच मिनिटांत बदलूं शकतो. केवळ त्याच्यावर विसंबून निर्णय देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

५. आट्यांचें वळण

खरा पुरावा स्टडांत होता. येथें आमची प्रथम झालेली चूक सांगणें अवश्य आहे. आम्ही पट्टी लावून इंचांतले आटे मोजले. तीन-अष्टमांश इंचाच्या स्टडांवर १६, आणि सात-षोडशांश इंचाच्यांवर १४ भरले. ही संख्या अमेरिकन मानाशीं जुळते; म्हणून आम्ही ते सर्व मूळचे समजलों. परंतु याच दोन मापांत इंग्रजी व्हिटवर्थ मानाची संख्याही हीच आहे! भेद आहे तो आट्याच्या कोनांत. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्यें सुचविलेला आटा ५५ अंशांचा व गोल माथ्याचा. अमेरिकेंत सेलर्स यानें १८६४ मध्यें मांडलेला आटा ६० अंशांचा व सपाट माथ्याचा. इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनीं एक मान ठरविलें तें १९४८ मध्यें. मोडी वाचणाऱ्यास ठाऊक आहे कीं अक्षरांची संख्या सारखी असूनही वळण निराळें असूं शकतें. पट्टी सोडून कोनाचें माप लावलें तेव्हां नऊ स्टडांची विभागणी अशी झाली :

(अ) पांच स्टड तीन-अष्टमांश इंचाचे, अमेरिकन आट्यांचे. हे मूळचे. मागून दुसरा, तुटलेला, यांतलाच.

(आ) तीन स्टड सात-षोडशांश इंचाचे, व्हिटवर्थ आट्यांचे. अगदीं मागचा, तुटलेला, यांतलाच. मूळ स्टड तुटल्यावर भोंक मोठें करून, इंग्रजी टॅप फिरवून हे बसविलेले. अमेरिकन कारखाना असें करणार नाहीं. हें काम येथल्या कारखान्यांतलें, जेथें इंग्रजी हत्यारें होतीं.

(इ) अगदीं पुढचा एक स्टड लेथवर पायरी पाडून केलेला : इंजिनांत जाणारें टोंक १२ मिलिमीटर, नटाचें टोंक १० मिलिमीटर. दोन्ही टोंकांचे आटे मिलिमीटरच्या मानाचे.

दोन्ही टोंकांचे स्टड पूर्वीं एकदां तरी बदललेले आहेत, हें वर सांगितलेल्या उष्णतेच्या नियमाशीं तंतोतंत जुळतें.

व्हिटवर्थ स्टडांवरून काळ काढतां येत नाहीं, कारण इंग्रजी टॅप एकदां घेतला म्हणजे कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरांत राहतो. मिलिमीटरच्या स्टडाची गोष्ट निराळी. इंचाच्या मानावर चालणाऱ्या मोटार-कारखान्यांत मिलिमीटरचे नट-बोल्ट विपुल झाले ते जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक १९५४ पासून निघूं लागल्यावर. ते ट्रक जर्मन आराखड्याचे होते. वजनमापांचा दशमान कायदा त्यानंतरचा, १९५६ चा. युरोपीय मोटारींचे कांहीं सुटे भाग त्यापूर्वींही आले असतील, ही शंका आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मायको प्लग व मिलिमीटरचा स्टड हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकाच कालखंडाकडे बोट दाखवितात, तेव्हां शंकेचें बळ कमी होतें.

ट्रक उभा असतांना केवळ विकण्यासाठीं हा स्टड बसविला असेल, असा आक्षेप आमच्या स्नेह्यांनीं घेतला. त्यास उत्तर त्या स्टडावरच आहे. त्याच्या मानेवर पोलाद तापून सुटलेले पापुद्रे आहेत, आणि त्याच्याखालच्या पॅकिंगवर धूर फुटून गेल्याचा काळा पट्टा आहे. असा पट्टा उभ्या गाडींत उमटत नाहीं. भाराखालीं बराच काळ चालल्यावांचून तो येणार नाहीं.

६. दुरुस्तीची रीत

पाहणी संपल्यावर दुरुस्तीस हात घातला. मागचा स्टड अंगाशीं समपातळींत तुटलेला होता. सामान्य रीत ही कीं मध्यें टोंचा मारावा, गिरमिटानें भोंक पाडावें व उरलेली साल खरवडून काढावी. परंतु पोलाद बिडापेक्षां चिवट. गिरमिट बाजूस सरकलें तर इंजिनाचें अंगच कुरतडलें जातें. शिवाय त्यानें स्टडाचे आटे, म्हणजे आमचा पुरावा, नष्ट झाला असता. कामावर असलेल्या वृद्ध मिस्त्रींनीं दुसरी वाट सांगितली. तीन दिवस रॉकेल व तेल यांचें मिश्रण मुरूं दिलें. मग तुटक्या तोंडावर वायसर व त्यावर नट ठेवून आंतून वेल्डिंगनें भरलें. "त्याले तापू द्या, मंग तो सोताच येते," एवढेंच ते बोलले. तापून फुगलेला स्टड थंड होतांना आकसतो व गंजाची पकड सुटते. पाना लावून थोडा पुढें, थोडा मागें असें करतां करतां तो सबंध बाहेर आला. खोल भोंकांत ताप न लागलेले त्याचे आटे स्वच्छ होते. गोल माथ्याचें वळण आम्हांस प्रथम निःसंशय दिसलें तें त्यांवरच.

शेजारचा स्टड या रीतीनें सुटला नाहीं. वेल्डिंग दोनदां तुटलें. तो गिरमिटानेंच काढावा लागला. त्याच वर्गाचे चार स्टड शाबूत असल्यानें त्याचा नाश सोसण्याजोगा होता. हा विवेक प्रत्येक दुरुस्तींत करावा : एकमेव पुरावा मोडूं नये, ज्याच्या प्रती आहेत तो प्रसंगीं मोडावा.

नवे स्टड त्या त्या भोंकांच्या मूळ मानाचेच करविले, मिलिमीटरचे नव्हे. त्यांच्या उघड्या टोंकांवर टोंच्यानें तीन ठिपके पाडले, म्हणजे पुढें कोणी त्यांस जुने समजणार नाहीं. नट पितळेचे घेतले, कारण ते गंजून धरत नाहींत. आवळतांना मध्यापासून टोंकांकडे गेलों, आणि टोंकांस जरूरीपेक्षां जास्त जोर दिला नाहीं. इंजिन तापून निवाल्यावर एकदां पुन्हां आवळलें. नव्या प्लगांचें अंतर पंचवीस हजारांश इंच ठेवलें. जुने प्लग व काढलेले स्टड तेलकागदांत गुंडाळून, जागा लिहून, पेटींत ठेवले आहेत. इंजिन सुरू केलें. तासाभरानें पांचवा व सहावा प्लग काढून पाहिले, तों पांढरेपणाची छटाही नव्हती.

७. निष्कर्ष

(१) ट्रक युद्धकालीन असूं शकेल. पांच मूळ स्टड त्यास विरोध करीत नाहींत. (२) इंजिन "मूळ स्थितींत" नाहीं. त्यावर निदान दोन निरनिराळ्या पद्धतींच्या दुरुस्त्यांचे थर आहेत. (३) डिझेल ट्रक निघतांच हा उभा राहिला, ही सांगी खरी नाहीं. १९५४ नंतरही तो पेट्रोलवर, भाराखालीं चालत होता; आणि डिझेल ट्रकासाठीं आलेल्या मालानेंच त्याचें आयुष्य वाढविलें.

तिसरा निष्कर्ष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिझेल स्वस्त असतां महाग पेट्रोल पिणारा ट्रक मालकानें कां ठेवला असावा? आमचे मतें याचें कारण दुरुस्तींत आहे. डिझेलचा पंप बिघडला तर तो शहरांतील खास यंत्रावरच तपासावा लागतो. पेट्रोल इंजिनाचा प्लग रस्त्याच्या कडेस बसून साफ करतां येतो, आणि तुटलेला स्टड गांवचा लेथवाला करून देतो. जेथें पहिलें मोठें शहर दिवसाच्या वाटेवर, तेथें हा हिशेब लहान नव्हे. एका ट्रकावरून साऱ्या जिल्ह्याचा नियम बांधणें धाडसाचें होईल. परंतु आणखी दहा ट्रक याच रीतीनें तपासले गेले तर कांहीं नियम हातीं येईल.

ते दहा ट्रक मात्र भंगाराच्या वाटेवर आहेत. त्यांच्याबरोबर वखारींतील लॉगबुकें, नाक्यावरचे वाहतूक-पास, सुट्या भागांच्या पावत्या, प्लगांच्या रिकाम्या डब्या हींही जात आहेत. मोडी कागद रद्दींत जात होते तेव्हां जें झालें तेंच हें. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या पाहण्यांत असा ट्रक आल्यास त्यांनीं निदान एवढें करावें : कांहीं काढण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें, प्रत्येक प्लगास सिलिंडराचा क्रमांक बांधावा, आणि प्रत्येक स्टडाची जागा, जाडी, इंचांतले आटे व आट्याचा कोन लिहून ठेवावा. कोन विसरूं नये. आमची पहिली चूक तेथेंच झाली होती.

स्नेह्यांस आम्ही दाखला दिला आहे. त्यांत "मूळ स्थिती" हे शब्द नाहींत. ते प्रथम हिरमुसले. परंतु तुटक्या स्टडांची पेटी आतां ट्रकाशेजारीं कांचेखालीं मांडली आहे, आणि पाहणारे आधीं तिच्याकडे वळतात असें त्यांनीं आम्हांस कळविलें आहे.